‘फुल-साइझ’ गाडी म्हणजे नेमकी केवढी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या वाचकांनी भाड्याच्या गाडीविषयी बरीच पत्रे पाठवली आहेत. पुष्कळशा पत्रांत ‘फुल-साइझ’ या एकाच शब्दाने घोटाळा केलेला दिसला, म्हणून या वेळचे सदर आम्ही या विषयासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : आमचा मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो. आम्ही उभयता जूनअखेर त्याच्याकडे जाणार आहोत. तेथून योसेमिटी, लास व्हेगास, ग्रँड कॅनियन आणि लॉस एंजेलिस असा बारा दिवसांचा प्रवास ठरला आहे. आम्ही दोघे, मुलगा, सून आणि नऊ व चार वर्षांची दोन नातवंडे असे सहा जण असू. मुलाच्या स्वतःच्या गाडीत पाचच जण बसतात, म्हणून भाड्याची गाडी पाहण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. संकेतस्थळावर ‘फुल-साइझ’ नावाचा वर्ग दिसला आणि त्याचे भाडेही फारसे नव्हते. इकडे आम्हाला इनोव्हाची सवय आहे. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. ‘फुल-साइझ’ गाडीत आम्ही सर्व जण नीट बसू शकू ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, बसू शकणार नाही. पैसे भरण्यापूर्वी आपण विचारलेत हे फार बरे झाले. अमेरिकेतील भाड्याच्या व्यवहारात नुसते ‘फुल-साइझ’ म्हटले की चार दरवाजांची, मागे वेगळी डिकी असलेली, पाच जणांची सेडान समजायची. टोयोटा कॅमरी, निसान अल्टिमा, ह्युंदाई सोनाटा या त्या वर्गातील नेहमीच्या गाड्या आहेत. ‘पूर्ण आकाराची’ असा शब्दशः अर्थ लावला की आपल्या डोळ्यांसमोर तीन रांगांची गाडी उभी राहते, आणि नेमकी तिथेच फसगत होते. लांबीच पाहायची तर कॅमरी सुमारे ४.९ मीटर आहे आणि आपल्या ओळखीची इनोव्हा क्रिस्टा ४.७३५ मीटर, म्हणजे कॅमरी इनोव्हापेक्षा लांब असूनही तिच्यात आसने पाचच आहेत, कारण ती लांबी पुढचे बोनेट आणि मागची डिकी यांत वाटली गेलेली असते. सहाव्या माणसाला, मग ते चार वर्षांचे मूल का असेना, दाटीवाटीने बसवून नेण्याची सोय तेथे नाही. जितके पट्टे तितकीच माणसे, असा तेथील कायदा आहे. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालील आणि चार फूट नऊ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मागच्या आसनावर, त्याच्या वयाला साजेशा वेगळ्या बालआसनात बसवावे लागते.

या नावामागची पद्धत समजून घेतली तर पुढेही उपयोगी पडेल. भाड्याच्या गाड्यांना चार अक्षरांचे एक सांकेतिक नाव असते आणि बुकिंगच्या पावतीवर ते बहुधा छापलेले असते. पहिले अक्षर वर्ग सांगते, दुसरे गाडीची घडण, तिसरे गिअरची पद्धत आणि चौथे इंधन व वातानुकूलन. फुल-साइझ सेडानची अक्षरे एफ-सी-ए-आर अशी असतात. यातला ‘एफ’ म्हणजे फुल-साइझ, ‘सी’ म्हणजे दोन किंवा चार दरवाजांची साधी गाडी, ‘ए’ म्हणजे ऑटोमॅटिक आणि ‘आर’ म्हणजे वातानुकूलित. आता एफ-एफ-ए-आर पाहा. पहिला ‘एफ’ तोच आहे, पण दुसरा ‘एफ’ एसयूव्ही दाखवतो, आणि एका अक्षराच्या फरकाने आपण कॅमरीवरून शेवरले टाहोसारख्या तीन रांगांच्या अवाढव्य गाडीवर येऊन पोहोचतो. दोन्हींच्या नावात ‘फुल-साइझ’ आहे, पण भाड्यात आणि आकारात मोठे अंतर आहे. मिनीव्हॅनचे सांकेतिक नाव एम-व्ही-ए-आर असते. तेथे ‘एम’ म्हणजे ‘मिनी’, तरीही सात-आठ माणसे आरामात नेणारी गाडी तीच आहे. म्हणून वर्गाच्या नावावर विसंबू नये.

सरकारी मोजमाप तर आणखी निराळे आहे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था मोटारींचे वर्ग आतील जागेवरून ठरवते. प्रवाशांची जागा आणि डिकी मिळून ११० ते १२० घनफूट भरली तर गाडी मध्यम आकाराची आणि १२० घनफूट किंवा त्याहून जास्त भरली तर मोठी. या हिशेबाने कॅमरी मध्यम ठरते, पण भाड्याच्या काउंटरवर तीच ‘फुल-साइझ’ म्हणून दिली जाते. भाड्याचे वर्ग हे मुळात दराच्या पायऱ्या आहेत. आपल्या घरातली माणसे, त्यांच्या बॅगा आणि त्यांचे गुडघे यांचा विचार त्या पायऱ्या करत नाहीत. तो आपल्यालाच करावा लागतो.

आपल्या प्रवासासाठी माझे मत मिनीव्हॅनच्या बाजूने आहे, आणि त्याचे पहिले कारण आपल्या पत्नीचे गुडघे हे आहे. सेडानचे आसन खाली असते; बसताना शरीर खाली सोडावे लागते आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. मोठ्या एसयूव्हीत उलट त्रास असतो, कारण तेथे पायरी गाठून वर चढावे लागते. मिनीव्हॅनचा आतला तळ कमी उंचीवर आणि आसन मध्यम उंचीवर असल्यामुळे माणूस जवळजवळ खुर्चीवर बसल्यासारखा आत जातो. दरवाजा बाजूला सरकत असल्यामुळे वाहनतळावर शेजारची गाडी खेटून उभी असली तरी पूर्ण उघडतो. बारा दिवसांत दररोज आठ-दहा वेळा चढणे-उतरणे होणार. योसेमिटीत प्रत्येक धबधब्यापाशी आणि ग्रँड कॅनियनच्या प्रत्येक कठड्यापाशी थांबणार. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांना या गोष्टीचे मोल इतर कोणत्याही सोयीपेक्षा अधिक आहे, असे मी मनापासून सांगतो.

दुसरे कारण सामानाचे. तिन्ही रांगा वापरात असताना मागे किती जागा उरते हे पाहिले तर चित्र अनपेक्षित दिसते. टाहोमध्ये सुमारे २५.५ घनफूट, म्हणजे ७२० लिटरच्या आसपास जागा उरते. क्रायस्लर पॅसिफिका या मिनीव्हॅनमध्ये सुमारे ३२.३ घनफूट, म्हणजे ९१५ लिटर. बाहेरून टाहो अधिक दांडगी दिसते, पण तिची बरीच उंची खालच्या सांगाड्यात आणि चाकांवर खर्च झालेली असते. मिनीव्हॅनमध्ये तिसऱ्या रांगेमागे जमिनीत खोल खळगा असल्याने मोठ्या बॅगा उभ्या ठेवता येतात. टाहोचीच लांब बहीण म्हणता येईल अशी सबर्बन घेतली तर ४१.५ घनफूट जागा मिळते, पण ती गाडी सुमारे ५.७ मीटर लांब आहे आणि शहरांतील वाहनतळांत ती वळवताना आपल्या मुलाची परीक्षा होईल.

इंधनाचाही विचार करावा. आपण आखलेला मार्ग अडीच-पावणेतीन हजार किलोमीटरच्या घरात जातो. टाहो लिटरला साधारण सात किलोमीटर देते आणि पेट्रोलवरची पॅसिफिका नऊ-सव्वानऊ. एवढ्या अंतरात ऐंशी-नव्वद लिटरचा फरक पडतो. शिवाय जूनअखेरचा काळ आहे. आपला मुलगा योसेमिटीहून टायोगा खिंडीने लास व्हेगासकडे नेणार असेल तर गाडी ३,०३१ मीटर उंचीवर चढेल आणि मार्गात डेथ व्हॅली घेतली तर त्याच दिवशी समुद्रसपाटीच्याही खाली उतरेल. डेथ व्हॅलीत त्या दिवसांत पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे सहज जातो. म्हणून तिसऱ्या रांगेपर्यंत थंड वाऱ्याचे झरोके आहेत की नाही हे गाडी ताब्यात घेतानाच पाहावे, कारण मुले मागे बसणार आहेत. टायोगाचा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो आणि तो दरवर्षी वेगवेगळ्या तारखेला उघडतो, हेही मुलाच्या कानावर घालून ठेवावे.

एक गोष्ट येथे बसूनच करता येईल. कॅमरी आणि मिनीव्हॅन वर्गातील किया कार्निव्हल या दोन्ही गाड्या भारतात विकल्या जातात. पुण्यातील शोरूममध्ये पत्नीला घेऊन जा आणि दोन्हींत त्यांना तीन-तीन वेळा बसून उतरायला सांगा. आतील तपशील देशाप्रमाणे थोडेफार बदलत असले तरी आसनाची उंची आणि दरवाजाची घडण यांचा अंदाज तेवढ्याने पक्का येईल, आणि निर्णय ज्यांच्या गुडघ्यांसाठी घ्यायचा आहे त्यांनीच तो घेतलेला असेल. बालआसन मात्र भाड्याने घेऊ नये. नातवाचे रोजचे आसन घरी असणारच, तेच न्यावे आणि तिसऱ्या रांगेत ते अडकवण्याचे अँकर कोणत्या जागी आहेत हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

प्रश्न : आम्ही दोन मित्र सपत्नीक, म्हणजे चार प्रौढ माणसे, सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरून तेथूनच भाड्याची गाडी घेणार आहोत. चौघांना फुल-साइझ सेडान पुरेशी आहे, असे एका परिचितांनी सांगितले. संकेतस्थळावर गाडीच्या चित्राखाली चार बॅगांची खूणही आहे. ती खरी मानावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : माणसांच्या बाबतीत आपल्या परिचितांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. चार प्रौढांना लांबच्या प्रवासात फुल-साइझ सेडानइतकी आरामशीर आणि कमी खर्चाची गाडी दुसरी सांगता येणार नाही. मागच्या आसनावर दोघेच असल्याने मध्ये हात टेकायला जागा उरते आणि नव्या हायब्रिड कॅमरीसारखी गाडी मिळाली तर ती लिटरला वीस किलोमीटरच्या आसपास चालते. अडचण बॅगांची आहे. ती चार बॅगांची खूण कोणत्या मापाच्या बॅगांसाठी आहे हे बहुतेक संकेतस्थळे सांगत नाहीत.

भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत सामान्यतः माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येतात आणि आपण मराठी माणसे पापड, लोणची, भाजणी आणि नातेवाइकांच्या भेटवस्तू भरून त्या दोन्ही बॅगा काठोकाठ नेतो. लांबी, रुंदी व उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा गाठणारी एक बॅग साधारण ११० लिटरची होते. कॅमरीची डिकी १५.१ घनफूट, म्हणजे सुमारे ४२८ लिटर आहे. कागदावर भागाकार केला तर जवळजवळ चार बॅगा येतात. प्रत्यक्षात चाकांवरील फुगवटे, झाकणाच्या बिजागऱ्या आणि अरुंद तोंड यांमुळे दोन मोठ्या बॅगा आणि त्यांच्या फटींत दोन लहान बॅगा एवढेच सामान शहाणपणाने बसते. चौघांच्या आठ मोठ्या बॅगांचा तर विचारच करायला नको. आपण जोडप्यागणिक एक मोठी आणि माणशी एक छोटी, त्यातही शक्यतो मऊ कापडाची बॅग आणलीत तर सेडान जरूर घ्यावी. तसे जमणार नसेल तर मिनीव्हॅन घ्यावी. ज्यांच्याकडे भेटवस्तू द्यायच्या आहेत ते जवळपास राहत असतील तर पहिल्याच दिवशी त्या पोहोचवून, रिकाम्या बॅगा तेथेच ठेवून पुढे जाणे हाही चांगला मार्ग आहे.

मात्र आपण उतरणार आहात त्या शहराच्या बाबतीत सेडानच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो मला सांगितलाच पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोत उभ्या गाडीची काच फोडून सामान पळवण्याचे प्रकार वर्षानुवर्षे होत आले आहेत आणि पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या त्यांत नेहमी सापडतात. एसयूव्हीत किंवा मिनीव्हॅनमध्ये मागच्या काचेतून बॅगा दिसतात. सेडानची डिकी बंद असल्याने आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. तरीही गाडी उभी केल्यावर, लोकांच्या देखत डिकी उघडून त्यात पिशव्या टाकू नयेत. ते काम मुक्कामावरून निघण्यापूर्वीच उरकावे. पासपोर्ट गाडीत कधीही ठेवू नये. शहर पाहण्याचे दिवस आधी ठेवून, त्या दिवसांत ट्राम आणि बसने फिरून, गाडी शहर सोडण्याच्या सकाळी ताब्यात घेतली तर भाडे, वाहनतळाचा खर्च आणि ही काळजी तिन्ही वाचतात. शहरात गाडी उभी करावीच लागली तर एक स्थानिक नियम लक्षात ठेवावा : चढ-उताराच्या रस्त्यावर पुढची चाके पदपथाच्या कडेच्या संदर्भात वळवून ठेवणे सक्तीचे आहे आणि तसे न केल्यास दंड होतो.

गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून रोख टोल घेत नाहीत. नंबरप्लेटवरून आकारणी होते. भाड्याची गाडी असल्यास ती रक्कम कंपनीमार्फत येते आणि बऱ्याच कंपन्या टोलशिवाय दिवसागणिक सेवाशुल्कही लावतात. एका टोलसाठी किती दिवसांचे शुल्क लागेल हे काउंटरवर स्पष्ट विचारून घ्यावे.

प्रश्न : एकाच गाडीचे भाडे एका संकेतस्थळावर फार कमी तर दुसरीकडे जवळजवळ दुप्पट दिसते. विम्यामुळे हा फरक पडतो असे कळले. आम्ही भारतातून प्रवास विमा घेतलेलाच आहे. मग गाडीचा वेगळा विमा घेण्याची गरज आहे का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : गरज आहे, आणि या प्रश्नात काटकसर करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण घेतलेला प्रवास विमा साधारणपणे आजारपण, अपघातातील आपले उपचार, हरवलेले सामान आणि रद्द झालेले विमान यांसाठी असतो. भाड्याच्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेली इजा तो सहसा भरून देत नाही. बहुतेक पॉलिसींत मोटार चालवताना निर्माण होणारी देणी स्पष्ट शब्दांत वगळलेली असतात. आपल्या पॉलिसीतील ते कलम आजच काढून वाचावे.

भाड्याच्या करारात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. पहिली म्हणजे गाडीच्या नुकसानीची माफी. तिला विमा म्हणतात खरे, पण तो विमा नसून गाडी ठोकली गेली किंवा चोरीस गेली तरी आम्ही तुमच्याकडून पैसे मागणार नाही, असे कंपनीचे वचन असते. ती घेतली नाही तर दुरुस्तीच्या खर्चाशिवाय, गाडी दुरुस्तीला जितके दिवस उभी राहील तितक्या दिवसांचे बुडालेले भाडेही आपल्याकडून मागितले जाऊ शकते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : समोरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची जबाबदारी. मूळ भाड्यात हे संरक्षण असलेच तर ते बहुधा त्या राज्याच्या किमान मर्यादेपुरते असते. कॅलिफोर्नियाने ही मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून वाढवली. आता ती एका जखमी माणसासाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातील सर्व जखमींसाठी ६० हजार आणि मालमत्तेसाठी १५ हजार डॉलर आहे. पूर्वी ती अनुक्रमे १५, ३० आणि ५ हजार होती. वाढवूनही ही रक्कम तेथील रुग्णालयाच्या एका मोठ्या बिलापुढे तोकडी पडते. गाडी कंपनीच्या मालकीची आहे, तेव्हा कंपनीच भरेल अशी समजूत करून घेऊ नये. केवळ मालक आहे म्हणून भाडे कंपनीला चालकाच्या चुकीसाठी जबाबदार धरता येत नाही, असा केंद्रीय कायदा अमेरिकेत २००५ पासून आहे. उरलेली देणी शेवटी गाडी चालवणाऱ्यावर येतात. म्हणून दहा लाख डॉलरपर्यंतचे पूरक जबाबदारी-संरक्षण मिळत असेल तर ते घ्यावे.

दोन दरांतील तफावतीचे उत्तर बहुधा यातच आहे. अमेरिकेतील रहिवाशांना स्वतःच्या मोटार विम्याचा आधार असतो, त्यामुळे त्यांना दाखवलेला दर नुसत्या गाडीचा असतो. परदेशी पाहुण्यांसाठी अनेक कंपन्या दोन्ही संरक्षणे धरून एकत्रित दर देतात आणि आपण बुकिंग करताना रहिवासाचा देश भारत असा निवडलात तरच तो दिसतो. वर वर पाहता तो महाग वाटतो, पण काउंटरवर ही संरक्षणे सुटी घेतली की एकूण रक्कम बहुतेक वेळा त्याहून अधिक होते. स्वस्त दर पाहून रहिवासाचा देश खोटा सांगू नये. अपघातानंतर कागदपत्रे तपासली जातात तेव्हा असे खोटे अंगाशी येते. आपला मुलगा किंवा मुलगी तेथे राहत असेल आणि तेच गाडी चालवणार असतील तर त्यांचा स्वतःचा मोटार विमा भाड्याच्या गाडीलाही लागू होतो का, हे त्यांनी विमा कंपनीला विचारावे. अनेक पॉलिसींत तशी सोय असते.

संरक्षण घेतले तरी गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, चाकांच्या कडा आणि समोरची काच धरून मोबाइलवर चित्रण करावे, आणि परत करताना पुन्हा तसेच करावे. एकदा प्रवासाहून परतल्यावर तीन आठवड्यांनी मला मागच्या बंपरवरील ओरखड्यासाठी पैशांची मागणी आली होती. तो ओरखडा गाडी हाती आली त्या मिनिटाच्या चित्रणात दिसत होता, म्हणून एका पत्रात प्रकरण मिटले. चित्रण नसते तर माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

प्रश्न : भारतीय परवान्यावर तेथे गाडी चालवता येते का? आंतरराष्ट्रीय परवाना काढावा का? आणि डेबिट कार्ड चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात पाहुणा म्हणून आलेल्या प्रौढ व्यक्तीला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते. तेथे राहायला गेल्यास मात्र स्थानिक परवाना काढावा लागतो. आंतरराष्ट्रीय परवाना हा मूळ परवान्याचा अनुवाद आहे, तो स्वतंत्र परवाना नव्हे, आणि मूळ परवाना जवळ नसेल तर त्याचा काही उपयोग होत नाही. तरीही तो काढावा असे मी सुचवतो, कारण काही राज्ये आणि काही भाडे कंपन्या तो मागतात. आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना ४-ए भरून तो मिळतो आणि एक वर्ष चालतो.

कार्ड मात्र क्रेडिटच असावे आणि ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याच्याच नावाचे असावे. काउंटरवर भाड्याशिवाय अनामत म्हणून काही रक्कम रोखून ठेवतात. डेबिट कार्ड काही ठिकाणी घेतात, पण त्यासोबत अटी असतात आणि अडकलेली रक्कम खात्यात परत यायला दिवस लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून नव्या कार्डांवरील परदेशी व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात. ते निघण्यापूर्वी सुरू करून मर्यादा वाढवून घ्यावी.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसन येथे राहते. आईबाबा आले असताना नायगाऱ्यासाठी फुल-साइझ सेडान राखून ठेवली होती. काउंटरवर ती शिल्लक नव्हती आणि ‘त्याहून वरच्या वर्गातील’ म्हणून मोठा पिकअप ट्रक देऊ केला. जादा पैसे घेतले नाहीत, पण आईला वर चढता येईना आणि बॅगा उघड्या हौद्यात ठेवाव्या लागल्या. असे पुन्हा झाले तर नकार देता येतो का?
— एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : जरूर देता येतो आणि द्यावा. आपण गाडीचा वर्ग राखून ठेवता, विशिष्ट गाडी नव्हे. ‘किंवा तत्सम’ हे शब्द प्रत्येक बुकिंगमध्ये असतात. राखलेला वर्ग शिल्लक नसेल तर त्याच भाड्यात वरचा वर्ग देण्याची रीत आहे. परंतु दराच्या पायरीवर वर असलेली गाडी आपल्या कामासाठी वरचीच असेल असे नाही. आईंना गुडघ्यांमुळे चढता येत नाही आणि सामानासाठी बंद डिकी हवी आहे, अशी कारणे शांतपणे आणि नेमकी सांगितली तर कर्मचारी बहुधा मार्ग काढतात : परत येणारी पुढची सेडान थोडा वेळ थांबून घेणे, मध्यम वर्गातील गाडी भाडे कमी करून घेणे, किंवा त्याच कंपनीच्या जवळच्या दुसऱ्या ठिकाणाहून गाडी मागवणे. यांपैकी मध्यम वर्गाची सेडान मी आनंदाने स्वीकारीन, कारण तीन-चार माणसांसाठी तिच्यात आणि फुल-साइझमध्ये फरक आहे तो मुख्यतः मागच्या पायांच्या जागेचा आणि एखाद्या छोट्या बॅगेचा.

न मागता विजेवरची गाडी समोर आली तर तोच विचार करावा. एडिसनहून नायगारा सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहे. वाटेत चार्जिंग कोठे करायचे आणि परत करताना बॅटरी किती भरलेली हवी, हे ठाऊक नसेल तर वयस्कर आईबाबांना सोबत घेऊन तो प्रयोग करू नये. सुट्टीच्या शनिवार-रविवारी गाड्यांचा तुटवडा असतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळऐवजी सकाळीच गाडी ताब्यात घ्यावी. पुढे कधी कॅनडाच्या बाजूने धबधबा पाहण्याचा विचार असेल तर गाडी सीमेपलीकडे नेण्यास कंपनीची परवानगी आहे की नाही हे बुकिंग करतानाच विचारावे, आणि भारतीय पारपत्रावर आलेल्या आईबाबांना कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : ग्रँड कॅनियनहून मॉन्युमेंट व्हॅलीला जाण्याचा विचार आहे. आतील रस्ता कच्चा आहे असे ऐकले. त्यासाठी सेडानऐवजी एसयूव्ही घ्यावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : केवळ त्यासाठी घेऊ नये. नवाहो या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीच्या त्या उद्यानातील सतरा मैलांचा फेरा खरोखरच कच्चा, खडकाळ आणि वाळूचा आहे. परंतु अडचण गाडीच्या ताकदीची नसून कराराची आहे. बहुतेक भाडेकरारांत डांबरी रस्ता सोडून गाडी नेण्यास मनाई असते आणि ही अट सेडानला जितकी लागू तितकीच एसयूव्हीलाही लागू असते. तेथे टायर फाटला किंवा गाडीचा तळ खडकाला लागला तर जादा पैसे भरून घेतलेली नुकसानीची माफीही रद्द होऊ शकते. अभ्यागत केंद्रापर्यंत पक्का रस्ता आहे आणि तेथील कठड्यावरून ते प्रसिद्ध सुळके समोरच दिसतात. आत जायचेच असेल तर आपली सेडान तेथे उभी करून नवाहो वाटाड्यांच्या गाडीतून जावे. एसयूव्हीच्या जादा भाड्यातून वाचलेले पैसे त्या फेरीच्या तिकिटांना कामी येतील, आणि जेथे भाड्याच्या गाड्यांना प्रवेशच नाही अशा काही भागांत वाटाडे आपल्याला घेऊन जातात.